पाचवी सही

त्या गल्लीत सात कोल्ड स्टोरेज होती आणि सातही मालक एकमेकांना पाण्यात पाहायचे. एकाच्या ट्रकने दुसऱ्याचं फाटक अडवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचे हमाल फोडायचे, तिसऱ्याने चौथ्याच्या नावाने तक्रारअर्ज टाकायचा, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. पूर्वी सातही गोदामांच्या मालाची आवकजावक एकच कारकून लिहायचा. तो सगळ्यांचा चहा प्यायचा आणि ज्याचा चहा जास्त गोड, त्याच्या सोयीची वेळ लिहायचा. शेवटी सडलेल्या मालावरून एकदा मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली, कारकून पळाला आणि त्याच्या जागी वही आली.

शिकलेले लोक तिला ब्लॉकचेन म्हणतात. गल्लीत सगळे वहीच म्हणत. ही वही कुणा एकाच्या ताब्यात नव्हती. सात गोदामांत सात यंत्रं आणि प्रत्येकात तीच वही. माल आत आला किंवा बाहेर निघाला की त्याची नोंद सातही यंत्रांकडे जायची. दर अर्ध्या तासाने पाळी बदलायची. ज्याची पाळी, त्याचं यंत्र आलेल्या नोंदींचं एक पान करून बाकीच्यांपुढे ठेवायचं. सातांपैकी पाच सह्या झाल्या की पान वहीत लागायचं आणि मग ते कुणाच्या बापालाही फाडता यायचं नाही. पाच झाल्या नाहीत तर पान रद्द, पाळी पुढच्याकडे. पाचच का, तर सातांत दोघे चोर निघाले तरी उरलेल्या पाचांवर काम चालावं म्हणून. या गल्लीत चोर दोनच आहेत असं धरणारा माणूस भलताच भाबडा असणार, असं थोरली म्हणायची.

थोरली म्हणजे तिसऱ्या गोदामाची मालकीण. लोणी आणि चीज ठेवायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. चौथं गोदाम तिच्या दिराचं, औषधांचं. मुळात दोन्ही मिळून एकच होतं. सासरे गेल्यावर भावाभावांत वाटणी झाली, ऑफिसच्या मधोमध भिंत आली, आणि ती भिंत अशी बांधली की खिडकी दिराकडे गेली आणि थोरलीकडे फक्त दार राहिलं. सासू धाकट्याकडे राहायची. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात धाकटा एकदाही दवाखान्यात आला नव्हता. गोदामाची किल्ली मागायला मात्र तेराव्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता तिच्या यंत्रावर लाल पट्टी आली. पाळी दिराची होती. त्याच्या पानावर सही करायला यंत्राने नकार दिला होता.

तिने पाहिलं. दिराकडून इन्सुलिनच्या तीनशे बारा पेट्या इस्पितळाकडे निघाल्याची नोंद पानावर पहिलीच होती. औषधाच्या प्रत्येक खेपेत तापमान मोजणारं एक सीलबंद मापक असायचं. माल निघताना ते आपली सगळी मोजणी सातही यंत्रांना आपोआप पाठवायचं. ती मोजणी थोरलीच्या यंत्रात आली होती. दिराच्या पानावर मात्र नव्हती. आलेली नोंद गाळली की यंत्र सही करत नसे. मालकाला पटलं तर तो हाताने ‘मान्य’ दाबू शकत होता.

तिने मोजणी उघडली. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत उणे सहा.

इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की त्याचा कस जातो, पुन्हा वितळवून येत नाही. आणि वितळलेली बाटली बऱ्याचदा दिसायला चांगल्या बाटलीसारखीच दिसते. दिराच्या चार नंबरच्या खोलीतलं बटण अडकलं असणार, हे तिच्या लगेच लक्षात आलं. कॉम्प्रेसर थांबायचा विसरला होता.

तेवढ्यात सह्या दिसू लागल्या. दिराची एक. आइस्क्रीमवाल्या जुळ्यांच्या दोन गोदामांच्या दोन. फुलवालीची एक. चार. मासळीवाले काका आणि बटाटेवाला, दोघांकडून काही नाही. म्हणजे दिराने फोन फिरवून तिघांना ‘मान्य’ दाबायला लावलं होतं. मासळीवाले काका सकाळचे फोन घेत नसत आणि बटाटेवाला कुणाचेच घेत नसे.

बाराला पान रद्द झालं. पाळी फुलवालीकडे गेली. तिने तेच पान पुन्हा ठेवलं. पुन्हा चार.

आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदा धाकटा थोरलीच्या ऑफिसात आला.

“वहिनी, यंत्र बिघडलंय का तुमचं?”

“यंत्राला काय धाड भरलीय? बटण तुमच्या खोलीचं अडकलंय, भाऊजी.”

तो दारातच थांबला. बसायला तिने सांगितलं नाही.

“अहो, थंड गोदामात माल थंड झाला. यात गुन्हा कसला?” तो हसला.

“गोठलाय.”

“दोन-चार अंशांचा फरक. मापकं काय, उगाच काहीही दाखवतात.”

“मग मोजणी पानावर घ्या आणि इस्पितळाला सांगा, मापक खोटं आहे. घाबरता कशाला?”

त्याचं हसू गेलं. “हे बघा. माझी नोंद रांगेत पहिली आहे. ती निघेपर्यंत मागच्या कुणाची निघत नाही. रांग मोडायची नाही हा नियम आपणच केलाय. आणि वहीत नोंद लागल्याशिवाय एकाचंही फाटक उघडत नाही. बाहेर ट्रक उभे राहायला लागलेत. तुमचंही लोणी आहे त्यात.”

“तुम्ही नोंद मागे घ्या. पेट्या परत आत न्या, नष्ट करा. एका मिनिटात रांग मोकळी होईल.”

“आणि नुकसान? तू भरणार?” अहो-जाहो सुटलं ते इथे.

“मी कशाला भरू? बटण काय मी अडकवलं?”

“दादा गेल्यापासून वाट बघत होतीस ना याची?”

ते खरं होतं. लाल पट्टी पाहिली तेव्हा तिला आधी इस्पितळातले रोगी आठवले नव्हते. आधी आठवला तो दिराचा चेहरा. सापडला, एवढंच मनात आलं होतं. रोगी नंतर आले. पण आले, आणि मग जाईनात.

“सही मिळणार नाही,” ती म्हणाली. “जाताना दार लावून घ्या. तुमच्यासारखी खिडकी नाही मला, सगळी धूळ दारातूनच येते.”

साडेबाराला गल्लीत अकरा ट्रक उभे होते. एक वाजता एकोणीस. ड्रायव्हर आधी भोंगे वाजवत होते, मग फाटकं वाजवू लागले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तीन नंबरची बाई सही करत नाही. मग सगळे तिच्याच फाटकाशी जमले.

“ओ बाई, करा की सही! काय जीव जातोय का?”

“नवरा मेला तर साऱ्या जगावर सूड काढणार का?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तिने वर बसूनच सगळं ऐकलं. जुळ्यांची पाळी आली आणि गेली, एकाची आणि मग दुसऱ्याची. त्यांनीही तेच पान ठेवलं, तेच चार. दीड वाजता तिची स्वतःची पाळी आली. तिने पान केलं, मोजणीसकट. तिची सही, बटाटेवाल्याची, मासळीवाल्या काकांची. त्यांची यंत्रं आपापल्या नियमाने सही करत होती, मालकांनी त्यांना हात लावला नव्हता. तीन. दिराकडच्या चौघांनी हाताने ‘अमान्य’ दाबलं.

खोट्याला चार, खऱ्याला तीन, आणि पाच कुणालाच नाहीत. गल्ली तशीच तुंबून राहिली.

दोन वाजता पाळी बटाटेवाल्याकडे गेली, तेच मोजणीचं पान, तेच तीन; आणि मासळीवाले काका वर आले. सत्तरीचा माणूस, तिच्या सासऱ्यांचा दोस्त. या गल्लीत दोस्त म्हणजे ज्याने कोर्टात खेचलेलं नाही असा.

“मुली, माझी मासळी ट्रकात आहे,” ते म्हणाले. “बर्फ चाललाय वितळून. तुझ्या खरेपणाचा वास आता माझ्या मालाला यायला लागलाय.”

“काका, ते औषध बाद झालंय. लोक टोचून घेतील आणि साखर उतरणार नाही. कळणारही नाही का उतरत नाही ते.”

“ते इस्पितळ बघेल.”

“इस्पितळ वही बघतं. वहीत पाच सह्या असल्या की झालं. त्यासाठीच तर वही आणली आपण.”

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. “मला तुझा दीर आवडत नाही. तूही आवडत नाहीस. तुम्ही दोघं भांडा, एकमेकांचे गळे धरा. पण माझी मासळी मधे का? अडीचला माझी पाळी आहे. मी खाली जातो, तुझ्या दिराचंच पान ठेवतो आणि ‘मान्य’ दाबतो. पाचवी सही माझी. सांगून करतोय, मागून नाही.”

“काका—”

“नाही म्हणजे नाही.”

ते जिना उतरले. ती त्यांच्यामागे धावली. वाटेत पायातली चप्पल निघाली, ती तशीच राहिली.

खाली दोन्ही गोदामांसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे होते. दीर, एकसारख्या शर्टातले जुळे, डोक्याला रुमाल बांधलेली फुलवाली आणि भिंतीला टेकलेला बटाटेवाला. इन्सुलिनचा ट्रक मागचा दरवाजा उघडा टाकून उभा होता. गर्दीच्या मधे खुर्ची टाकून सासू बसली होती. कुणीतरी तिला सुनेची समजूत घालायला आणलं असावं. पण समजूत घालणं सासूच्या स्वभावात नव्हतं.

“आली बघा!” सासू म्हणाली. “एक मुलगा खाल्लास, आता दुसऱ्याचं घर खायला निघालीस?”

“आई, तुम्ही यात पडू नका.”

“का पडू नको? हे गोदाम माझ्या नवऱ्याने उभं केलं. तेव्हा तू शाळेत नाक पुसत होतीस. माझ्या मुलाचा माल खराब आहे म्हणतेस? चारचौघांत?”

“मी नाही, मापक म्हणतंय.”

“मापकाला काय कळतंय!” सासू उठली. साठीपासून तिला साखरेचा त्रास होता आणि दिवसातून दोनदा सुई घ्यायची, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिने पिशवीतून सुईचा डबा काढला. “काढ रे त्यातली एक बाटली. माझी जेवणाआधीची राहिलीच आहे या तमाशात. इथेच टोचून घेते, सगळ्यांसमोर. मग बघू कुणाचं तोंड उघडतंय ते.”

ड्रायव्हर ट्रकात चढायला निघाला. दुसरा एक ड्रायव्हर तर टाळ्या वाजवू लागला. काका आपल्या ऑफिसच्या पायरीवर होते, तेही वळून पाहू लागले.

“आई, राहू दे,” दीर म्हणाला.

“का राहू दे? दे म्हणते ना!”

“घरी जाऊन घे. तुझी वेगळी ठेवलीय.”

“वेगळी?” सासू म्हणाली. “मी कायम गोदामातलीच घेते.”

“हो, पण यातली नको. तुझ्यासाठी मी सकाळीच...” तो थांबला. पण थांबायला उशीर झाला होता.

भोंगेसुद्धा बंद होते. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. हाच चेहरा बघायची तिची सहा वर्षांची इच्छा होती आणि आता तो समोर असताना तिने नजर ट्रकाकडे वळवली.

“सकाळीच काय?” सासूने विचारलं. आवाज बारीक झाला होता. “सकाळीच माझ्यासाठी दुसरीकडून आणलीस?”

“आई, घरी चल.”

सासूने सुई डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. कुणी मदतीला गेलं नाही. मग ती खुर्ची तिथेच टाकून एकटीच चालत निघून गेली.

सगळ्यात आधी फुलवाली बोलली. “मला म्हणालास मापक बिघडलंय.” ती दिराच्या अंगावरच गेली. “माझ्या बहिणीचा पोरगा त्याच इस्पितळातून घेतो. नऊ वर्षांचा आहे तो! मला सही करायला लावलीस?”

“ताई, आवाज खाली.”

“आवाज? थांब तू!” आणि ती आपल्या गोदामाकडे गेली.

काका पायरीवर अजून उभे होते. आत गेले, पण दिराचं पान ठेवलं नाही. अडीचला त्यांची पाळी लागली होती. त्यांच्या यंत्राने पान ठेवलं, मापकाच्या मोजणीसकट. थोरली, काका, बटाटेवाला. मग फुलवाली. चार.

पाचवी सही जुळ्यांपैकी एकाची हवी होती. जुळे जन्मात वेगळं काही बोलले नव्हते. एक बोलायचा, दुसरा मान हलवायचा. आताही एक म्हणाला, “आम्ही शब्द दिलाय.” दुसऱ्याने मान हलवली नाही.

“शब्द चाटायचा का?” दुसरा म्हणाला. सगळ्यांना त्याचा आवाज नवा होता. “आइस्क्रीमचं दूध झालंय आतमध्ये. मला खरं-खोटं काही माहीत नाही. कुठलंही पान चालेल, पण पान पाहिजे. तिकडे चार आहेत, इकडे तीन उरलेत. कुणीकडे जायचं, हे काय सांगायला पाहिजे?”

भावाने त्याची कॉलर धरली. दुसऱ्याने ती सोडवली, आत गेला आणि सही केली.

दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी पान लागलं. गल्लीतली सगळी फाटकं एकामागोमाग उघडली. फक्त इन्सुलिनच्या ट्रकपुढचं उघडलं नाही. उणे सहा वहीत चढलं होतं आणि तसला माल फाटक सोडत नव्हतं. ड्रायव्हर इंजिन चालू करून उगाच दोन मिनिटं थांबला, मग त्याने ते बंद केलं.

तीनशे बारा पेट्या पुढच्या आठवड्यात सरकारी माणसासमोर जाळल्या गेल्या. इस्पितळाने दुसरीकडून माल घेतला. दिराचा औषधांचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. काकांची अर्धी मासळी फेकावी लागली आणि जुळ्यांचं आइस्क्रीम गटारात गेलं. ते दोघं भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

थोरलीचं अभिनंदन कुणी केलं नाही. चौथ्या आठवड्यात सभा भरली. विषय एकच होता: तीन नंबरचं यंत्र वहीतून काढून टाकणं.

“कारण काय लिहायचं?” तिने विचारलं.

“सहकार्याचा अभाव,” एक जुळा म्हणाला.

“मी बरोबर होते ना?”

“होतीस,” काका म्हणाले. ते खाली बघत होते. “ते कोण नाकारतंय? पण तू पुन्हा करशील. माझ्यात पुन्हा एक दिवस काढायचा जीव नाही. माझा माल रोजचा आहे, मुली.”

फुलवालीही त्यांच्याच बाजूला होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “माझ्याकडे कशाला बघतेस? तू साडेअकरालाच फोन करून मला सांगितलं असतंस तर? एक फोन! मोजणी पाहून तुला काय कळलं ते मला काय माहीत होतं? तू वर बसून त्याची मजा बघत बसलीस.”

थोरलीने खरंच कुणाला फोन केला नव्हता. तो सापडलाय यातच तिचा तासभर गेला होता.

काढण्याचा ठरावही वहीतूनच जायचा होता. दीर, जुळे, फुलवाली आणि काका असे पाच झाले. बटाटेवाल्याने नाही म्हटलं. त्या सभेत तो तेवढंच बोलला. ठरावाचं पान तिच्या यंत्रापुढेही आलं. यंत्राने ते तपासलं. सगळं नियमाने होतं, काही गाळलेलं नव्हतं, म्हणून त्याने सही केली. तिला ती थांबवता आली असती. तिने थांबवली नाही.

त्यानंतर मोठे ट्रकवाले तिच्याकडे यायचे बंद झाले, कारण वहीतल्या नोंदीशिवाय ते माल उचलत नाहीत. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहान जागा भाड्याने घेतली. सामान हलवायच्या दिवशी ती टेम्पोशी उभी असताना शेजारच्या दारातून सासू बाहेर आली. महिनाभरात ती वाळल्यासारखी दिसत होती.

“चाललीस?”

“हो.”

“एक विचारते. खरं सांग. तुला ती माणसं वाचवायची होती की माझ्या मुलाला पाडायचं होतं?”

“दोन्ही.”

“आधी काय?”

थोरलीने दोरीची गाठ आवळली. “आधी पाडायचं होतं.”

सासूने मान डोलावली. “मला वाटलंच होतं.” मग म्हणाली, “त्याने माझ्यासाठी वेगळी आणली. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. तू हे मला दाखवलंस. मी तुला माफ करणार नाही.”

“मी मागितली नाही, आई.”

“आई म्हणू नकोस.”

“बरं.”

सासू आत गेली. टेम्पोवाल्याने विचारलं, अजून काही राहिलंय का. थोरली म्हणाली, राहिलं असलं तरी असू दे, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.